देणं, घेणं आणि कबूल करणं

१९१७ साली इंदुरात मराठी साहित्य संमेलन भरलं. अध्यक्ष होते गणेश जनार्दन आगाशे. पुढच्याच वर्षी याच शहरात हिंदी साहित्य संमेलन भरलं आणि त्याचे अध्यक्ष होते महात्मा गांधी. मग १९३५ साल उजाडलं आणि इंदुरानं एकाच वर्षात दोन्ही संमेलनं घेतली. हिंदीच्या अध्यक्षपदी पुन्हा गांधीजी होते, मराठीच्या अध्यक्षपदी औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी. दोन भाषांच्या सर्वांत मोठ्या मेळाव्यांचं यजमानपद एकाच गावानं एकाच पिढीत दोनदा सांभाळावं, ही साधी गोष्ट नाही.

१९१८ च्या त्या हिंदी संमेलनातूनच दक्षिणेत हिंदी प्रचाराचं काम उभं राहिलं. गांधीजींनी त्यासाठी निधी मागितला तेव्हा देणाऱ्यांमध्ये होळकर दरबार होता आणि इंदूरचे गिरणीमालक सेठ हुकुमचंदही होते. मराठी राजघराण्याचा पैसा, मारवाडी शेठजींचा पैसा, गुजराती अध्यक्ष, आणि काम तमिळ मुलखात हिंदी शिकवण्याचं. मध्यभारत हिंदी साहित्य समिती १९१० पासून इंदुरात होतीच. तिच्या इमारतीची कोनशिला गांधीजींनी याच मुक्कामात बसवली. या समितीचं ‘वीणा’ मासिक १९२७ साली सुरू झालं. सरदार माधवराव किबे होळकर दरबारातले मोठे अधिकारी, १९२६ च्या मुंबईच्या मराठी संमेलनाचे अध्यक्ष, आणि इंदूरच्या हिंदी वर्तुळातही त्यांचं घर परकं नव्हतं.

हा सगळा इतिहास इंदूरचा मराठी माणूस अभिमानानं सांगतो. मीही सांगतो. पण सांगताना एक प्रश्न दर वेळी मनात उभा राहतो. ही दोन संमेलनं एकमेकांशी काय बोलली? एका मांडवात जे म्हटलं गेलं, त्यानं दुसऱ्या मांडवातलं काही बदललं का? माझं उत्तर असं आहे की फारसं नाही. इंदुरात मराठी आणि हिंदी यांच्यात खरी देवाणघेवाण झाली, खूप मोठी झाली, पण ती मांडवांत झाली नाही. घरांत, वर्तमानपत्राच्या कचेरीत, आजारी गायकाच्या खोलीत आणि मध्यरात्रीच्या बाजारात झाली. आणि तिचा मोठा भाग आपण मराठी माणसांनी कधी वहीत मांडलाच नाही.

शेजारी राहणं म्हणजे देवाणघेवाण नव्हे, हे आधी स्पष्ट करायला हवं. आज इंदुरात ‘इंटरॅक्शन’ हा शब्द उठता-बसता ऐकू येतो. भंवरकुआंच्या कोचिंग क्लासेसच्या पाट्यांवर तो असतो, कंपन्यांच्या कार्यक्रमपत्रिकेत असतो, साहित्य महोत्सवातही असतो. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी एक माणूस तासभर बोलतो आणि शेवटी पाच मिनिटं प्रश्नांना मिळतात. बोलणारा जसा आला तसाच परत जातो. हाच शब्द सिमरोलच्या आयआयटीतल्या भौतिकशास्त्राच्या वर्गात मात्र फार काटेकोरपणे वापरला जातो. तिथे दोन वस्तूंपैकी एकीनंच दुसरीवर परिणाम केला, असं म्हणताच येत नाही. पृथ्वी सफरचंदाला ओढते तेव्हा सफरचंदही पृथ्वीला तेवढ्याच बळानं ओढत असतं. समाजात बळं अशी समान नसतात, हे मान्य. तरी कसोटी म्हणून मला ही कल्पना मोलाची वाटते. जिथे दोघंही थोडे बदलून उठले नाहीत, तिथे भेट झाली असेल, व्यवहार झाला नाही.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मोस यांनी १९२५ साली भेटवस्तूंवर एक निबंध लिहिला. जगभरच्या समाजांकडे पाहून त्यांनी तीन कर्तव्यं सांगितली: देणं, घेणं आणि परतफेड करणं. यातलं मधलं कर्तव्य सर्वांत अवघड आहे, असं मला वाटतं. देण्यात मोठेपणा मिळतो, परतफेडीत सुटकेचं समाधान मिळतं, पण घेताना आपल्याला काहीतरी कमी होतं हे मान्य करावं लागतं. आपल्या घरांतल्या बायकांना हे मोसच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होतं. शेजारणीकडून भाजीचा डबा आला की तो रिकामा परत करायचा नाही, चिमूटभर साखर का होईना घालून द्यायची. त्या साखरेत ‘तुझ्याकडून आलं’ याची कबुली असते. इंदूरच्या मराठी समाजानं दिलं भरपूर, घेतलंही भरपूर. कबुलीची साखर मात्र घालायची राहिली, आणि हीच माझी तक्रार आहे.

सुरुवातीचा हिशेब तर देवाणघेवाणीचा नव्हताच. अठराव्या शतकात मराठे माळव्यात आले ते चौथाई घ्यायला. मल्हारराव होळकरांनी तलवारीच्या बळावर मुलूख मिळवला. त्यात माळव्याच्या शेतकऱ्याला कुणी विचारलं नव्हतं. अहिल्याबाईंच्या काळात, १७६७ ते १७९५ मध्ये, चित्र पालटलं. त्यांनी काशीपासून सोमनाथापर्यंत जे बांधलं ते सर्वांना माहीत आहे. मला त्याहून महेश्वरचे माग महत्त्वाचे वाटतात. बाहेरून विणकर आणून त्यांनी नर्मदेच्या काठी वसवले. तिथे नऊवारी लुगडी विणली जाऊ लागली, म्हणजे गरज मराठी बायकांची, हात परप्रांतातल्या कारागिरांचे, आणि काठांवरची नक्षी महेश्वरच्या किल्ल्याच्या आणि घाटाच्या दगडांवरून उचललेली. कुणाचं किती, हे आता त्या काठातून उसवून वेगळं काढता येणार नाही. १८१८ च्या मंदसौर तहानंतर राजधानी इंदुरात आली आणि दरबाराबरोबर कारकून, शास्त्री, वैद्य, गवई, पागेदार अशी मराठी कुटुंबंही आली आणि वाढली. पागनीस पागा, पंढरीनाथ, मल्हारगंज, रामबाग ही नावं आजही रिक्षावाल्याच्या तोंडी असतात, आणि त्याला ती मराठी वाटत नाहीत. ती त्याच्या गावाची नावं आहेत.

आता दोन भावांकडे येतो, कारण या विषयाचा गाभा मला तिथे दिसतो.

गजानन माधव मुक्तिबोध १९१७ साली श्योपूरला जन्मले. वडील पोलीस खात्यात, त्यामुळे बदल्या होत राहिल्या. घरात मराठी. इंदूरच्या होळकर कॉलेजातून ते १९३८ साली बी.ए. झाले. आयुष्यभर हिंदीत लिहिलं, आणि आज हिंदी कवितेचा विचार त्यांना वगळून करताच येत नाही. धाकटे भाऊ शरच्चंद्र मुक्तिबोध १९२१ साली जन्मले. ते मराठीचे कवी, कादंबरीकार आणि समीक्षक झाले. १९७९ साली त्यांच्या ‘सृष्टी, सौंदर्य आणि साहित्यमूल्य’ या ग्रंथाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. एकाच आईच्या मांडीवर एकच भाषा शिकलेले, मार्क्सच्या विचारानं भारलेले, सौंदर्य आणि समाज यांचं नातं काय या एकाच प्रश्नाशी झुंजलेले दोन भाऊ दोन भाषांच्या साहित्यात अव्वल ठरले. जगाच्या साहित्यात अशी जोडी सहज सापडायची नाही.

या दोघांनी एकमेकांना काय दिलं, याचा शोध घेतला तर हाती बरंच लागतं. १९४३ साली अज्ञेयांनी ‘तार सप्तक’ संपादित केलं. हिंदीतल्या नव्या कवितेची सुरुवात तिथून मोजतात. त्यातल्या सात कवींपैकी दोन, मुक्तिबोध आणि प्रभाकर माचवे, मराठी घरांतले होते. या संग्रहाच्या मागचा बराचसा खल माळव्यातल्या शुजालपूरसारख्या छोट्या गावात झाला. तिथल्या शाळेत मुक्तिबोध शिकवत होते. म्हणजे हिंदीत जे नवं वळण आलं, त्यात माळव्याच्या मराठी घरांचा वाटा सातात दोन होता. मुक्तिबोधांची हिंदी वाचताना आजही जाणवतं की या वाक्याच्या बांधणीत कुठेतरी मराठीचं वळण आहे. लांबलचक समास, एकात एक अडकत जाणारी वाक्यं, शब्दांचा खडबडीत भार. जे त्या काळच्या गुळगुळीत हिंदीला टोचलं असेल, तेच पुढे हिंदीचं सामर्थ्य ठरलं. आणि उलट बाजूला शरच्चंद्रांनी १९५४ साली कादंबरी लिहिली, तिचं नाव ‘क्षिप्रा’. उज्जैनची नदी मराठी कादंबरीच्या मुखपृष्ठावर आली. मराठीनं माळव्याकडून काही घेतलं, याचा हा छापील पुरावा.

पण बघा, हिंदीनं मुक्तिबोधांना डोक्यावर घेतलं. उशिरा घेतलं, हे खरं. ‘चाँद का मुँह टेढ़ा है’ हा पहिला संग्रह १९६४ साली, ते गेल्यावर आला. तरी घेतलं. आपण मराठी वाचकांनी काय केलं? आपल्या भाषेच्या घरातला एक माणूस शेजारच्या भाषेत एवढा मोठा झाला, तर त्याची प्रत्येक ओळ मराठीत यायला हवी होती, त्याच्या हिंदीतल्या मराठीपणावर मराठी विद्यापीठांत प्रबंध व्हायला हवे होते. काही जाणत्या कवींनी आणि अनुवादकांनी ते काम मनापासून केलं. समाज म्हणून मात्र आपण त्यांना हिंदीला देऊन टाकलं आणि मोकळे झालो. दिलेल्या गोष्टीचं पुढे काय झालं, हे विचारायलाही आपण गेलो नाही.

याच मालिकेत राहुल बारपुते येतात. ‘नई दुनिया’ हे हिंदी दैनिक ५ जून १९४७ रोजी इंदुरातून निघालं आणि बारपुते यांच्या संपादकपदाच्या काळात ते हिंदी पत्रकारितेची शाळा बनलं. राजेंद्र माथुर आणि प्रभाष जोशी याच कचेरीत घडले आणि पुढे दिल्लीला जाऊन त्यांनी हिंदी वर्तमानपत्राचा चेहरा पालटला. त्याआधीही माधवराव सप्रे यांनी टिळकांचा ‘गीतारहस्य’ हिंदीत नेला होता, नागपुरातून ‘हिंदी केसरी’ काढला होता; बाबूराव विष्णु पराडकरांनी काशीत ‘आज’ घडवला होता. हिंदी पत्रकारितेच्या पायात मराठी दगड किती आहेत, हे हिंदीवाले कृतज्ञतेनं सांगतात. मराठी पत्रकारितेच्या इतिहासात या माणसांना मिळणारी जागा त्या मानानं फारच थोडी आहे. ते ‘तिकडचे’ झाले.

याच्या उलट एक उदाहरण आहे, आणि त्यामुळेच मला वाटतं की हे वेगळ्या रीतीनं होऊ शकतं. कुमार गंधर्व १९४८ साली देवासला आले ते क्षयानं खंगलेले. इंदुरापासून देवास पस्तीसेक किलोमीटर. बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मलेला, कानडी घरातला, मुंबईत देवधर मास्तरांकडे शिकलेला हा तरुण माळव्याच्या कोरड्या हवेसाठी इथे आला. पाच-सहा वर्षं गाता येत नव्हतं. त्या काळात खिडकीतून, वाटेवरून, शेतातून माळवी बायकांची गाणी कानावर येत राहिली. लग्नाची, पावसाची, पाळण्याची. गाता न येणाऱ्या माणसाला ऐकणं एवढंच काम उरलं होतं, आणि त्यांनी ते सारं आयुष्य पणाला लावून केलं. गाणी टिपून घेतली, त्यांच्या सुरावटींतला राग शोधला. त्यांतून मालवती, लगनगंधार असे नवे राग जन्मले. त्यांना त्यांनी ‘धुनउगम’ म्हटलं, म्हणजे लोकधुनेतून उगवलेले. नावातच कबुली आहे. पुढे ‘मालवा की लोकधुनें’ या नावानं त्यांनी जाहीर मैफली केल्या. नाथपंथी जोगी दारोदार गात फिरत होते ते निर्गुण भजनही त्यांनी त्यांच्याकडूनच उचललं आणि पुण्या-मुंबईच्या सभागृहांत नेलं. हे माझं नाही, माळव्याचं आहे, असं ते सांगत राहिले, आणि तरी गाणं संपूर्ण त्यांचं होतं.

बारपुते, चित्रकार विष्णू चिंचाळकर आणि नाटकवाले बाबा डिके हे या काळात कुमारांच्या सोबत होते. मराठी बोलणारे चौघे. कुणी हिंदीत लिहीत होता, कुणी वाळकी पानं आणि काटक्यांतून आकार काढत होता, कुणी नाटक उभं करत होता, आणि मधे एक गवई माळवी धून गुणगुणत होता. १९२७ साली देवळालीकरांनी सुरू केलेल्या इंदूरच्या चित्रशाळेतून इंदूरचे नारायण श्रीधर बेंद्रे आले आणि पंढरपुरात जन्मलेले मकबूल फिदा हुसेनही आले. अशी शहरं ठरवून घडवता येत नाहीत. पण ती कशामुळे घडतात हे मात्र सांगता येतं. अशा शहरात प्रत्येक माणूस कानानं श्रीमंत असतो आणि आपण घेतलं हे सांगायला त्याला कमीपणा वाटत नाही.

सामान्य माणसांनीही हेच केलं, आणि त्याचा फार गाजावाजा केला नाही. सराफ्यात दागिन्यांची दुकानं बंद झाली की रात्री खाण्याच्या गाड्या लागतात. तिथे साबुदाण्याची खिचडी खाऊन बघा. पुण्याच्या घरातली खिचडी तुपात जिऱ्याची फोडणी करून, दाण्याचा कूट घालून परतलेली असते. उपासाची, शांत, मऊ. सराफ्यातला साबुदाणा उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर वाफवलेला असतो. विकणारा तो मोठ्या भांड्यात घेतो, मसाला, मिरची, लिंबू घालतो, हातानं खालीवर करतो, वर तळलेला बटाट्याचा कीस भुरभुरतो आणि द्रोणात भरून देतो. चटकदार, आंबट, तिखट. तो तिला ‘फरियाली’ म्हणतो, म्हणजे उपास त्यानं सोडलेला नाही, पण चव पार माळव्याची करून टाकली आहे. पोह्यांचंही तसंच. वाफेवर ठेवलेले, बडीशेपेचा वास असलेले, वर शेव, कांदा आणि जीरावन. मराठी बाई हे पोहे आपले म्हणेल की नाही, मला सांगता येत नाही. पण इंदूरची मराठी मुलं परगावी गेली की त्यांना आठवतात ते हेच पोहे, आईच्या हातचे नंतर.

अनंत चतुर्दशीच्या रात्री इंदुरात झांकी निघते. सार्वजनिक गणपती ही मराठी कल्पना. ती उचलली कापड गिरण्यांच्या कामगारांनी. हुकुमचंद, मालवा, कल्याण, राजकुमार, स्वदेशी या गिरण्यांत उत्तर प्रदेशातले, राजस्थानातले, खानदेशातले, माळव्यातले कामगार एकत्र काम करत. त्यांनी गणपतीच्या मिरवणुकीत दिव्यांनी लखलखणारे, यंत्रांनी हलणारे देखावे आणले. त्यांच्यासोबत आखाड्यांचे पहिलवान लाठी फिरवत चालू लागले. पौराणिक कथा, देशातली चालू घटना, सगळं त्या गाड्यांवर येतं. रात्रभर लोक राजवाड्याच्या आसपास पोरांना खांद्यावर घेऊन उभे असतात. यात मराठी किती, हिंदी किती? कुणी मोजत नाही. हुकुमचंद मिल १९९१ साली बंद पडली, कामगारांना त्यांची देणी मिळायला २०२३ उजाडलं, तरी त्या मिलच्या नावाची झांकी निघत राहिली. गिरणी गेली, पगार गेला, गणपती राहिला. हा गणपती आता टिळकांचा म्हणावा तर तोही खरा आणि हुकुमचंद मिलच्या कामगाराचा म्हणावा तर तोही खरा.

इतकं सगळं असताना तक्रार कशाची? तक्रार आजच्या दिशेची आहे.

इंदूरच्या मराठी संस्था जिवंत आहेत, हे आधी म्हटलं पाहिजे. सानंदसारख्या संस्थेनं मराठी नाटकाचा एवढा मोठा आणि नियमित प्रेक्षक इंदुरात बांधला आहे की मुंबई-पुण्याच्या नाटकवाल्यांना त्याचा हेवा वाटावा. २००१ साली विजया राजाध्यक्षांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय संमेलन पुन्हा इंदुरात झालं. या कामाला मी कमी लेखत नाही. पण गाडी कुठून कुठे जाते ते पाहा. नाटक मुंबईहून येतं, वक्ता पुण्याहून येतो, दिवाळी अंक तिकडून येतात. इंदूर तिकीट काढतं आणि टाळ्या वाजवतं. इंदुरातून महाराष्ट्राकडे काय जातं? आपण जे पाठवतो ते निमंत्रण आणि मानधन. पाहुणे मंचावरून म्हणतात, इतक्या दूर राहूनही तुम्ही मराठी जपली, कौतुक वाटतं. आपण सुखावतो. मला या कौतुकाचा खरंच त्रास होतो. कौतुक करणारा काही घेऊन जात नाही. तो आपल्याला प्रमाणपत्र देऊन जातो.

आणि त्या प्रमाणपत्राची अट अशी असते की भाषा त्यांच्यासारखीच राहिली पाहिजे. आमच्या घरांत ‘मला माहीत पडलं’ म्हणतात, ‘चहा पिऊन घ्या’ म्हणतात, ‘कशाला परेशान होता’ असंही म्हणतात. ही वाक्यं पुण्यात उच्चारली की समोरच्याच्या चेहऱ्यावर एक हलकं हसू उमटतं. आमची मुलं ते हसू एकदा पाहतात आणि दुसऱ्यांदा मराठी बोलायच्या आधी हिंदीत शिरतात. हिंदीत त्यांना कुणी हसत नाही. मराठी इंदुरात कमी होत आहे त्याला शाळा, नोकऱ्या, आंतरभाषिक लग्नं अशी मोठी कारणं आहेत, हे उघड आहे. पण हे हसूही एक कारण आहे आणि ते दूर करायला सरकारी अनुदान लागत नाही. नागपूरच्या, खानदेशच्या, कोकणच्या बोलीला साहित्यात मान मिळवायला पिढ्या लागल्या. इंदूरच्या मराठीत अजून कुणी कादंबरी लिहायला धजत नाही, कारण लिहिणाऱ्यालाच वाटतं की ती अशुद्ध आहे.

यावर मला मिळणारं उत्तर मला माहीत आहे, आणि ते पोकळ नाही. म्हणतात, देवाणघेवाण बरोबरीच्यांत होते. लहान भाषा मोठ्या भाषेशी व्यवहार करायला गेली की व्यवहार राहत नाही, ती गिळली जाते. आधी कुंपण हवं. महाराष्ट्रात २०२५ साली पहिलीपासून हिंदी आणणाऱ्या शासन निर्णयाला जो विरोध झाला, आणि जूनच्या अखेरीस तो निर्णय मागे घ्यावा लागला, त्यामागे हीच भीती होती. ती भीती मला रास्त वाटते. सहा वर्षांच्या मुलावर सरकारी आदेशानं भाषा लादणं ही देवाणघेवाण नव्हेच; ते एकतर्फी देणं आहे आणि घेणाऱ्याला कुणी विचारलेलं नाही. ज्यांनी विरोध केला ते बरोबर होते. पण त्या सगळ्या वादात दोनशे वर्षं हिंदीच्या शेजारी राहिलेल्या मराठी माणसांना, इंदूर-ग्वाल्हेर-देवासच्या घरांना, कुणी विचारायला आलं नाही की तुमचा अनुभव काय. आम्ही सांगितलं असतं की आमच्याकडे हिंदी आदेशानं आली नाही, गल्लीतून आली, गाण्यातून आली, मित्रांकडून आली, आणि म्हणून तिच्यातून मुक्तिबोध निघाले. आम्ही हेही सांगितलं असतं की घरात मराठी पक्की होती म्हणूनच ते झालं. कुंपण आणि दार दोन्ही लागतात. नुसतं कुंपण घातलेल्या भाषेचं काय होतं, तेही आम्ही पाहत आहोत.

दार उघडं ठेवलेल्या भाषेचं काय होतं, याचं उदाहरण तंजावर. सतराव्या शतकात एकोजीराजांबरोबर गेलेले मराठी तिथे तमिळ लोकांत मिसळले. त्यांची मराठी आज आपल्याला चटकन समजत नाही, कारण तिनं तमिळचे सूर आणि शब्द मोकळेपणानं घेतले. पण ती तीनशे वर्षांनंतरही घरांत बोलली जाते. मराठी कीर्तन तंजावरात गेलं आणि कृष्ण भागवतरांसारख्यांच्या हातून तमिळ हरिकथेचं रूप त्यातून आकाराला आलं. साकी-दिंडीच्या चाली आजही तिथे ऐकू येतात. आणि तिकडून आपण काय घेतलं? तंजावरच्या शहाजीराजांच्या दरबारात सतराव्या शतकाच्या अखेरीस मराठी नाटकं लिहिली गेली होती, हस्तलिखितं तिथल्या सरस्वती महाल ग्रंथालयात पडून होती. पण मराठी नाटकाची सुरुवात आपण कितीतरी दिवस १८४३ च्या सांगलीपासूनच मोजत राहिलो. दूरच्या भावंडानं केलेलं काम आपल्या खात्यात लिहायलाही आपण तयार नव्हतो. तंजावरचा मराठी टिकला तो पुण्याच्या आधारानं नव्हे. तो शेजाऱ्याशी व्यवहार करत राहिला म्हणून टिकला.

म्हणून मला संस्थांकडे आणि महाराष्ट्राकडे काही ठोस मागायचं आहे. इंदुरात येणाऱ्या प्रत्येक मराठी नाटकाचा एक प्रयोग हिंदी रंगकर्म्यांसाठी खुला ठेवा आणि त्यांनी त्यावर हिंदीत काय लिहिलं ते मराठी नियतकालिकात छापा. मध्य प्रदेश शासनाची मराठी साहित्य अकादमी भोपाळला आहे. तिनं आणि महाराष्ट्राच्या साहित्य संस्थांनी मिळून माळव्यातल्या मराठीचा बोलीकोश करावा, आणि त्यात ‘माहीत पडलं’ला दोष म्हणून नव्हे, रूप म्हणून जागा द्यावी. राहुल बारपुत्यांचं लेखन मराठीत यावं. चंद्रकांत देवताले यांनी दिलीप चित्र्यांची कविता हिंदीत नेली. बैतूल जिल्ह्यात जन्मलेल्या, मराठी घरातल्या देवतालेंची स्वतःची हिंदी कविता मराठीत पूर्ण कधी येणार? १९३५ ची दोन्ही अध्यक्षीय भाषणं एका पुस्तकात, समोरासमोरच्या पानांवर छापावीत. नव्वद वर्षं उशिरा का होईना, ती एकमेकांना ऐकू येतील.

आणि विद्यापीठांनी एक अभ्यासपत्रिका अशी आखावी की जिच्यात थोरल्या मुक्तिबोधांच्या हिंदी कविता आणि धाकट्यांची ‘क्षिप्रा’ एकत्र शिकवली जाईल. देवी अहिल्या विद्यापीठात ती हिंदीच्या आणि मराठीच्या विद्यार्थ्यांनी एकाच वर्गात बसून शिकावी; पुण्यात आणि नागपुरातही. दोन्ही पुस्तकं उपलब्ध आहेत, दोन्ही भाषा जाणणारे शिक्षक इंदुरात आजही आहेत. त्यांतले बरेच जण साठी ओलांडलेले आहेत, म्हणून ही पत्रिका येत्या दोन-तीन वर्षांत सुरू व्हायला हवी.